टॅबने विभागलेल्या ओळीची यादी कशी करायची: कळमन्याच्या आवक-तक्त्यावरून पायथॉनचा धडा

नागपुरात कळमन्याच्या फळबाजारात सकाळचा लिलाव आटोपला की आडतीच्या गाळ्यावर दुसरं काम सुरू होतं. कोणत्या गावचा माल आला, किती क्रेट उतरले, काय भावाने गेले, शेतकऱ्याने आधी किती उचल घेतली होती, हे सगळं तक्त्यात भरायचं. मग संध्याकाळी कोणीतरी तो तक्ता कॉपी करून पाठवतं आणि म्हणतं, "यातून गावानुसार बेरीज काढून दे ना."

दर रविवारी नंदनवनात माझ्याकडे पायथॉन शिकायला येणाऱ्या मुलांपैकी दोघांच्या घरी हाच धंदा आहे. म्हणून मी ओळ तोडायचा धडा याच तक्त्यावर शिकवतो. पायथॉनच्या दृष्टीने काम एका ओळीचं आहे. पण ती ओळ जवळपास बरोबर लिहिली तर हिशोब चुकतो आणि चुकलेला दिसतही नाही, म्हणून इतकं सविस्तर लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच ठरवून घेऊ. हा लेख मोठ्याने वाचतानाही कळावा म्हणून मी आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. तुम्ही टंकताना पायथॉनचे स्वतःचे शब्द, म्हणजे ओपन, फॉर, इन, स्प्लिट, प्रिंट वगैरे, इंग्रजी लिपीत, बारीक अक्षरांत लिहा. फक्त नन आणि ट्रू यांचं पहिलं अक्षर मोठं. आज्ञेतले आकडे, आणि टीएक्सटी, यूटीएफ-८ अशी नावंही इंग्रजीत लिहा. मात्र 'ओळ', 'भाग', 'शीर्षक' ही आपण ठेवलेली नावं देवनागरीतच ठेवली तरी चालतात. २००८ साली आलेल्या पायथॉन ३ पासून चलांची नावं आपल्या लिपीत देता येतात, आणि नवशिक्याला त्याचा फार आधार होतो. आपला शब्द कोणता आणि यंत्राचा कोणता, हे लिपीवरूनच कळतं.

आधी टॅब डोळ्यांनी बघा

एक्सेलमधला तक्ता निवडून कॉपी केला आणि नोटपॅडमध्ये चिकटवला, की दोन रकान्यांच्या मध्ये जी मोकळी जागा दिसते ती एका अक्षराची असते. त्या अक्षराचं नाव टॅब. संगणकाच्या जुन्या आस्की तक्त्यात त्याचा क्रमांक ९ आहे. ओळ संपल्याची खूण १०, आणि नेहमीची मोकळी जागा, म्हणजे स्पेस, ३२. पडद्यावर टॅब कधी बोटभर दिसतो, कधी एका अक्षराएवढा, कारण तो पुढच्या ठरलेल्या थांब्यापर्यंत सरकतो. म्हणून रुंदी बघून टॅब आहे की चार स्पेस, हे कधीच ठरवू नका.

सरावासाठी खालच्या चार ओळी घ्या. आकडे मी मनाने घातले आहेत. टॅब दिसत नाही म्हणून त्याच्या जागी ⇥ ही खूण ठेवली आहे.

गाव⇥माल⇥बहार⇥क्रेट⇥भाव⇥उचल
काटोल⇥नागपुरी संत्रा⇥अंबिया⇥४०⇥६५०⇥२०००
नरखेड⇥नागपुरी संत्रा⇥अंबिया⇥⇥६२०⇥१५००
सावनेर⇥बोर⇥⇥१८⇥३००⇥

ओळी साध्या आहेत, पण प्रत्येकीत काहीतरी दडलेलं आहे. काटोलच्या ओळीत मालाच्या नावात स्पेस आहे. नरखेडची गाडी उशिरा आली, क्रेट मोजून व्हायचे आहेत, म्हणून तो रकाना रिकामा. बहार म्हणजे संत्र्याच्या फुलोऱ्याचा हंगाम, अंबिया किंवा मृग; सावनेरच्या बोरांना तो रकाना लागूच नाही, आणि त्या शेतकऱ्याने उचलही घेतलेली नाही, म्हणून ओळ टॅबवरच संपते.

हा तक्ता एक्सेलमध्ये भरा, निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा आणि 'आवक' या नावाने साध्या मजकुराच्या फाइलीत साठवा. एक्सेलमधून थेट 'टॅबने विभागलेला मजकूर' म्हणून साठवू नका. त्या प्रकारात देवनागरी टिकत नाही, अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. एक्सेलचा 'युनिकोड मजकूर' हा प्रकार देवनागरी सांभाळतो, पण ती फाइल यूटीएफ-१६ मध्ये असते (यूटीएफ-१६ आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या दोन पद्धती) आणि उघडताना तसं सांगावं लागतं. २०१९ नंतरच्या विंडोजमधलं नोटपॅड नवी फाइल आपणहून यूटीएफ-८ मध्ये साठवतं, म्हणून नवशिक्याला मी हाच रस्ता सांगतो.

तक्ता आज्ञेच्या फाइलीत हाताने टंकूही नका. आज्ञा लिहायच्या बहुतेक साधनांत टॅबची कळ दाबली की चार स्पेस पडतात, आणि मग आपण नसलेला टॅब शोधत बसतो.

आता फाइल उघडून प्रत्येक ओळ उघडी पाडून बघा:

विथ ओपन("आवक.टीएक्सटी", एन्कोडिंग="यूटीएफ-८") ॲज फाइल:
    फॉर ओळ इन फाइल:
        प्रिंट(रेप्र(ओळ))

'रेप्र' म्हणजे आर, ई, पी, आर ही चार इंग्रजी अक्षरं. ही आज्ञा न दिसणारी अक्षरं दिसतील अशी छापते. टॅबच्या जागी बॅकस्लॅश आणि त्याला चिकटून छोटा टी दिसेल, ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश आणि छोटा एन. पुढे मी हे "\टी" आणि "\एन" असं लिहीन. माझ्याकडे कोणी "सर, तुटत नाहीये" म्हणत आलं, की मी आधी रेप्र लावून घेतो. दहातल्या बऱ्याच वेळा त्या ओळीत टॅब नसतोच. कुठल्यातरी संदेशातून फिरून आलेल्या मजकुरात त्याच्या स्पेस झालेल्या असतात.

तोडणे

ओळ तोडायची आज्ञा स्प्लिट:

भाग = ओळ.स्प्लिट("\टी")

याचं उत्तर म्हणजे चौकोनी कंसातली यादी. काटोलच्या ओळीचे सहा तुकडे होतील, भाग[०] म्हणजे गाव, भाग[३] म्हणजे क्रेट. मोजणी शून्यापासून, हे पहिले काही दिवस विसरायला होतं. सावनेरच्या ओळीचेही सहाच तुकडे होतील: 'सावनेर', 'बोर', रिकामं, '१८', '३००', रिकामं. (शेवटच्या तुकड्याला अजून ओळ संपल्याची खूण चिकटलेली असेल, तिच्याकडे पुढे येतो.) दोन टॅब लागून आले तर त्यांच्यामध्ये एक रिकामा रकाना आहे, असं स्प्लिट मानतं. आपल्याला तेच हवं आहे.

पण इथेच एक वाट चुकते. कंसात काहीच न लिहिता नुसतं ओळ.स्प्लिट() लिहिलं तरी ओळ तुटते, आणि इंटरनेटवरच्या कितीतरी नमुन्यांत तसंच लिहिलेलं असतं. रिकामा कंस म्हणजे 'कोणत्याही मोकळ्या जागेवर तोड, आणि सलग आलेल्या मोकळ्या जागा एकच समज'. मग 'नागपुरी संत्रा' दोन तुकड्यांत फुटतो आणि काटोलच्या ओळीचे सात तुकडे होतात. सावनेरच्या ओळीचे उरतात चार, रिकामे रकाने नाहीसे होऊन: सावनेर, बोर, १८, ३००. आता क्रेटच्या जागी काय आलं? ३००. अठरा क्रेट बोरांचे तीनशे झाले.

सात किंवा चार तुकडे झाले तर निदान मोजून पकडता येतात. ही ओळ बघा:

मोर्शी⇥नागपुरी संत्रा⇥⇥४०⇥६५०⇥२०००

बहार लिहायचा राहून गेला आहे. रिकाम्या कंसाने तोडल्यास नावातल्या स्पेसमुळे एक तुकडा वाढतो, रिकाम्या रकान्यामुळे एक कमी होतो, आणि बरोबर सहा तुकडे मिळतात. क्रेट, भाव, उचल सगळं जागेवर, फक्त मालाच्या जागी 'नागपुरी' आणि बहाराच्या जागी 'संत्रा'. मोजणी जुळते, तरी माहिती चुकीची. अंबियाचा माल वेगळा आणि मृगाचा वेगळा काढायला बसलात, की 'संत्रा' नावाचा तिसराच बहार समोर येतो. म्हणून माझ्या वर्गात नियम आहे: तक्ता तोडताना कंसात टॅब लिहायचाच.

ओळीच्या शेपटीची काळजी

फाइलीतून वाचलेल्या ओळीच्या शेवटी "\एन" असतो. तो काढला नाही तर शेवटचा तुकडा '२०००' न राहता '२०००\एन' होतो. काढायला बहुतेक जण स्ट्रिप वापरतात, कारण ती आज्ञा आधी शिकवली जाते. मीही तेच केलं होतं.

पाच-सहा वर्षांपूर्वी ओळखीच्या एका आडतीसाठी मी असाच कार्यक्रम लिहून दिला. ओळ.स्ट्रिप() करून मग टॅबवर तोडायचं, आणि सहापेक्षा कमी तुकड्यांची ओळ 'अपुरी' समजून सोडून द्यायची. चार दिवसांनी तिथल्या काकांचा फोन आला: "काऊन रे बाबू, आमच्या अर्ध्या गाड्या कुठं गेल्या?" गाड्या कुठे गेल्या नव्हत्या. स्ट्रिप दोन्ही टोकांची प्रत्येक मोकळी जागा काढतं, आणि टॅब ही मोकळी जागाच आहे. ज्या शेतकऱ्याने उचल घेतली नव्हती त्याच्या ओळीचा शेवटचा टॅब त्यात गेला, ओळ पाच तुकड्यांची झाली आणि बेरजेतून बाहेर पडली. ज्याच्या डोक्यावर आडतीचा एक रुपयाही नव्हता, नेमका त्याचाच माल हिशोबात नव्हता. ती हिशोबाची पट्टी मी काकांसमोर बसून पुन्हा काढली, आणि तेव्हापासून ही गोष्ट प्रत्येक नव्या मुलाला सांगतो.

बरोबर रीत अशी:

ओळ = ओळ.आरस्ट्रिप("\एन")
भाग = ओळ.स्प्लिट("\टी")
भाग = [तुकडा.स्ट्रिप() फॉर तुकडा इन भाग]

आरस्ट्रिप म्हणजे फक्त उजव्या टोकाचं काढ, आणि कंसात काय काढायचं तेही सांगितलं आहे: फक्त ओळ संपल्याची खूण. विंडोजमध्ये ओळीच्या शेवटी दोन अक्षरं असतात, १३ आणि १०. पण ओपनने साध्या मजकुराची फाइल उघडली की पायथॉन त्या जोडीचा एकच "\एन" करून देतो, म्हणून एवढं पुरतं. तिसऱ्या ओळीत प्रत्येक तुकडा वेगवेगळा पुसला आहे. कोणी 'काटोल' पुढे चुकून स्पेस दाबली तर बेरजेत काटोल दोन वेळा यायला नको. आधी तोडायचं, मग पुसायचं. उलट केलं की काकांचा फोन.

शीर्षकाशी मोजून बघा

टॅबवर तोडल्यावर तुकडे किती होणार हे आधीच माहीत असतं: ओळीत जितके टॅब, त्याहून एक जास्त. पहिली ओळ शीर्षकाची, म्हणून तिची रुंदी प्रमाण धरायची आणि बाकी प्रत्येक ओळ तिच्याशी ताडायची:

शीर्षक = नेक्स्ट(फाइल).आरस्ट्रिप("\एन").स्प्लिट("\टी")
रुंदी = लेन(शीर्षक)
फॉर क्रमांक, ओळ इन इन्यूमरेट(फाइल, स्टार्ट=२):
    भाग = ओळ.आरस्ट्रिप("\एन").स्प्लिट("\टी")
    इफ लेन(भाग) != रुंदी:
        प्रिंट(क्रमांक, रेप्र(ओळ))

न जुळणारी ओळ गुपचूप टाकून देऊ नका, आणि गुपचूप दुरुस्तही करू नका. क्रमांकासह छापा आणि डोळ्यांनी बघा. तुकडे जास्त असतील तर बहुधा कोणीतरी रकान्याच्या आतच टॅब चिकटवला आहे. फाइलीच्या शेवटी नुसती कोरी ओळ असेल तर तिचा एकच रिकामा तुकडा निघेल, ती सोडायला हरकत नाही.

कमी तुकड्यांचं एक कारण माहीत असलेलं बरं. एक्सेल तक्ता मजकूर म्हणून साठवताना १६-१६ ओळींचे गट धरतं. एखाद्या गटात शेवटचा रकाना सगळ्याच ओळींत रिकामा असेल, तर त्या गटातल्या ओळींच्या शेवटचे टॅब लिहीतच नाही. वरच्या ओळींना सहा रकाने, मध्येच सोळा ओळींना पाच, पुन्हा सहा, असं दिसलं तर कोणी छेडछाड केलेली नाही. खात्री झाल्यावर उरलेली जागा रिकाम्या तुकड्यांनी भरा:

भाग = भाग + [""] * (रुंदी - लेन(भाग))

पहिल्याच रकान्याच्या नावावर अडलात, म्हणजे 'गाव' डोळ्यांना दिसतंय पण पायथॉन म्हणतो असा रकाना नाही, तर रेप्र लावा. 'गाव'च्या आधी एक अदृश्य खूण सापडेल. काही साधनं यूटीएफ-८ फाइलीच्या सुरुवातीला ती ठेवतात. एन्कोडिंगच्या जागी "यूटीएफ-८-सिग" लिहिलं की ती गळून पडते. खूण नसली तरी हे नाव चालतं, म्हणून मी नेहमी तेच लिहितो.

नावाने हाक मारा

भाग[३] म्हणजे क्रेट हे आज लक्षात राहील. उद्या गाळ्यावर कोणी 'तारीख' हा रकाना पुढे घातला की सगळं एक घर सरकेल. म्हणून शीर्षक आणि तुकडे यांची जोडी लावून टाका:

नोंद = डिक्ट(झिप(शीर्षक, भाग, स्ट्रिक्ट=ट्रू))

आता नोंद["क्रेट"] म्हणा, मिळेल. 'स्ट्रिक्ट' ही सोय पायथॉन ३.१० पासून आहे. ती लिहिली नाही तर झिप छोट्या यादीपाशी थांबतं आणि उरलेलं न सांगता सोडून देतं. ती लिहा.

आकडे अजून आकडे नाहीत

स्प्लिटमधून जे निघतं ते सगळं मजकूर असतं. '४०' आणि '१८' यांची बेरीज केली तर ५८ न येता '४०१८' येतं. इंट वापरून आकडा करावा लागतो, आणि इथे एक सुखद गोष्ट: इंट("४०") चालतं. आज्ञेत आकडे इंग्रजीच लागतात, पण मजकुरातले देवनागरी आकडे पायथॉनला वाचता येतात. आडतीवर जुनी माणसं देवनागरी आकडे लिहितात, नवी मुलं इंग्रजी. एकाच रकान्यात दोन्ही आले तरी अडत नाही.

अडतं ते आपल्या सवयींवर. १,२५० मधला स्वल्पविराम इंटला चालत नाही, रुपयांपुढची /- ही खूणही नाही. आणि रिकाम्या तुकड्याला इंट लावलं की कार्यक्रम थांबतो. म्हणून एक छोटी आज्ञा स्वतःची बनवा:

डेफ अंक(मजकूर):
    मजकूर = मजकूर.रिप्लेस(",", "").रिप्लेस("/-", "").स्ट्रिप()
    इफ मजकूर == "":
        रिटर्न नन
    रिटर्न इंट(मजकूर)

रिकाम्याला शून्य न देता नन, म्हणजे 'काहीच नाही', का दिलं? मुलं हे दरवेळी विचारतात आणि विचारायलाच हवं. सावनेरच्या ओळीत उचल रिकामी आहे, तिथे शून्य धरलं तरी चालेल, घेतलीच नाही. पण नरखेडच्या ओळीत क्रेट रिकामे आहेत, आणि तिथे शून्य धरणं म्हणजे गाडी रिकामी आली असं म्हणणं. गाडी भरलेली आहे, फक्त मोजणी बाकी आहे. कोणता रिकामा रकाना शून्य आणि कोणता 'अजून ठाऊक नाही', हे पायथॉनला कळणार नाही. ते गाळ्यावर बसणाऱ्या माणसाला विचारा, आणि मगच लिहा:

उचल = अंक(नोंद["उचल"]) ऑर ०
क्रेट = अंक(नोंद["क्रेट"])
इफ क्रेट इज नन:
    प्रिंट(क्रमांक, नोंद["गाव"], "मोजणी बाकी")
    कंटिन्यू
बेरीज[नोंद["गाव"]] = बेरीज.गेट(नोंद["गाव"], ०) + क्रेट

हे सगळं वरच्या फॉरच्या आत येईल, फॉरच्या आधी बेरीज = {} असं रिकामं भांडं ठेवायचं, आणि फॉर संपल्यावर प्रिंट(बेरीज) लिहायचं. सरावाच्या चार ओळींवर चालवलं तर काटोल ४०, सावनेर १८, आणि नरखेडच्या नावापुढे 'मोजणी बाकी'. पायथॉन बेरीज इंग्रजी आकड्यांत छापेल.

स्प्लिट कुठे पुरत नाही

काही गाळ्यांवर शेवटी 'शेरा' नावाचा रकाना असतो, आणि त्यात लोक दोन-दोन ओळी लिहितात: वर 'माल थोडा हिरवा', खाली 'उरलेला उद्या'. एक्सेलमध्ये एकाच चौकटीत ऑल्ट आणि एंटर दाबून हे करता येतं. कॉपी केल्यावर एक्सेल अशा चौकटीला दुहेरी अवतरणचिन्हांत घालतं, पण आतला ओळ-बदल तसाच ठेवतं. मग एक नोंद फाइलीत दोन ओळींवर पसरते, आणि ओळीमागून ओळ वाचणारा आपला फॉर तिचे दोन अर्धवट तुकडे करतो. मोजणीच्या तपासणीत एकाच तुकड्याची ओळ सापडली, आणि तिच्या आधीच्या ओळीत उघडलेलं अवतरणचिन्ह तिच्यात बंद झालेलं दिसलं, तर समजा हेच आहे.

इथे हाताने जोडाजोड करू नका. पायथॉनसोबतच येणारं सीएसव्ही नावाचं साधन हे काम जाणतं:

इम्पोर्ट सीएसव्ही
विथ ओपन("आवक.टीएक्सटी", एन्कोडिंग="यूटीएफ-८-सिग", न्यूलाइन="") ॲज फाइल:
    फॉर भाग इन सीएसव्ही.रीडर(फाइल, डिलिमिटर="\टी"):
        प्रिंट(भाग)

सीएसव्ही म्हणजे 'स्वल्पविरामाने विभागलेली मूल्यं'. साधनाच्या नावात स्वल्पविराम असला तरी डिलिमिटरच्या जागी टॅब सांगितला की ते टॅबवर तोडतं. न्यूलाइनच्या जागी रिकामं अवतरण लिहायला विसरू नका, त्यामुळे चौकटीतला ओळ-बदल जसाच्या तसा सीएसव्हीच्या हाती जातो. आरस्ट्रिपची गरज उरत नाही, रुंदीची तपासणी आणि अंक ही आज्ञा मात्र पूर्वीसारखीच लागते. उलट ज्या फाइलीत अवतरणचिन्ह हे साधं अक्षर म्हणूनच येतं, जसं रकान्याच्या सुरुवातीलाच कोणाचं म्हणणं अवतरणात लिहिलेलं असतं आणि ते बंद करायचं राहून जातं, तिथे सीएसव्ही पुढच्या कित्येक ओळी एकाच तुकड्यात गिळून टाकतं. अशा फाइलीला साधं स्प्लिट("\टी") च बरं. कोणतं वापरायचं ते ठरवण्याआधी फाइलीतल्या पहिल्या वीस-पंचवीस ओळी रेप्र लावून वाचून काढा.